जर्मनीतल्या समर स्कूलला जायचंय? तयारी दिवाळीआधीच सुरू करा

जर्मन विद्यापीठांचे उन्हाळी भाषावर्ग बहुतेक करून ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, कारण तिकडच्या उन्हाळी सत्राचे तास जुलैमध्ये संपतात. आपल्याकडे त्या वेळी गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं फिरत असतात, कॉलेज सुरू होऊन दीड-दोन महिने झालेले असतात आणि पहिली इंटर्नल तोंडावर आलेली असते. समर स्कूलचा पहिला अडथळा व्हिसा असतो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो आपल्या कॉलेजच्या वेळापत्रकाचा असतो.

मी पुण्यात पदवी करता करता रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते आणि ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्गाला गेले. परत आल्यापासून ज्युनियर्सचे तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. हे सगळं तीन महिन्यांच्या आतल्या कोर्सबद्दल आहे. मास्टर्ससाठी जाणाऱ्यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत. ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वगैरे शब्द ऐकून घाबरू नका, ते त्यांच्यासाठी.

## १. आधी विभागप्रमुखांशी बोला

कोर्स शोधायच्या आधी हे करा. ७५ टक्के हजेरीचा हिशेब मांडा, इंटर्नलच्या संभाव्य तारखा विचारा आणि परवानगी तोंडी घेऊ नका. “अगं जा, बघू नंतर” हे ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही. लेखी अर्ज द्या, त्यावर आवक क्रमांक टाकून घ्या आणि ना-हरकत पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर मागा. व्हिसालाही हेच पत्र लागतं, म्हणजे एका फेरीत दोन कामं.

क्रेडिट मिळणार का, हेही आत्ताच विचारायचं. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला असतो. ते आपल्या मार्कशीटवर चढवायचं की नाही हे आपलं विद्यापीठ ठरवतं. कोर्स करून आल्यावर विचारलंत तर उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं.

## २. कोर्स निवडताना फोटो बघू नका

सगळ्यांच्या माहितीपत्रकावर किल्ला, नदी आणि हिरवळीवर हसत बसलेली मुलं असतात. बघायचं ते हे: आठवड्याला प्रत्यक्ष किती तास शिकवतात, शेवटी परीक्षा आहे का, प्रमाणपत्रावर पातळी आणि तास लिहितात का, फीमध्ये राहणं धरलंय का, आणि व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळते का. शेवटचा मुद्दा बहुतेक जण वाचतच नाहीत. अर्ज नेहमी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. मध्ये एखादी कन्सल्टन्सी आली आणि “प्रोसेसिंग फी” मागू लागली, तर तिथून उठा. उन्हाळी वर्गासाठी एजंटची गरज नसते.

भाषेच्या कोर्सला स्वतःची पातळी खरी लिहा. पहिल्याच दिवशी चाचणी होते आणि त्यावर वर्ग ठरतो. बी-१ लिहून त्याच्या खालच्या ए-२ पातळीच्या वर्गात बसावं लागलं तर पहिला आठवडा मनस्तापात जातो.

मी हायडेलबर्ग निवडलं त्याला एक कारण मराठीही होतं. तिथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये गुंथर सोंथायमर यांनी शिकवलं होतं. खंडोबा, धनगर, त्यांच्या ओव्या हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. जेजुरीचा भंडारा हायडेलबर्गच्या नेकार नदीपर्यंत पोचलेला आहे हे मला आधीपासून माहीत होतं आणि ते ठिकाण बघायचंच होतं. तुमचं कारण वेगळं असेल, पण कारण असू द्या. शिष्यवृत्तीच्या अर्जात “हेच शहर का” असं विचारतात आणि “सुंदर आहे” हे उत्तर तिथे चालत नाही.

## ३. शिष्यवृत्ती: डिसेंबर चुकला तर वर्ष गेलं

जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे डाड, परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. जानेवारीत जागे होणाऱ्यांची संख्या बघता हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतून वाचा, सीनियरकडून ऐकलेल्या धरू नका.

भाषेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मॅक्स म्युलर भवनची (म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटची) परीक्षा द्यायची असेल तर तारखा दिवाळीआधीच बघून ठेवा. शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना पुरेसा वेळ द्या आणि सोबत तुमची माहिती एका पानावर लिहून द्या. नाहीतर “ही विद्यार्थिनी मेहनती व नम्र आहे” एवढंच येतं.

## ४. नावाचा घोळ आत्ताच निस्तरा

हा खास आपला प्रश्न. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि काही ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नाव व वडिलांचं नाव एकत्र. जर्मन फॉर्ममध्ये दोनच रकाने. त्यात पहिला शब्द तो पहिलं नाव असं धरून कुणी मार्कशीटवरून नाव उतरवलं, की प्रवेशपत्रावर तुमचं नाव “पाटील” आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव.

नियम एकच: सगळीकडे पासपोर्टप्रमाणे. प्रवेशअर्ज, विमा, विमानाचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग, बोनाफाइड, सगळं. प्रवेशपत्र आलं की मजकूर नंतर वाचा, आधी नावातलं एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा. दीक्षितचं स्पेलिंग किती प्रकारे होतं ते तुम्हाला माहीत आहे. चूक असेल तर लगेच मेल करा, विद्यापीठाचं कार्यालय बदलून देतं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर पासपोर्टची दुरुस्ती सगळ्यात आधी हाती घ्या.

## ५. व्हिसा

९० दिवसांच्या आतल्या कोर्सला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे-जूनमध्ये सगळा मध्यमवर्ग युरोप टूरला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. प्रवेशपत्र हातात पडल्याच्या दिवशीच तारीख शोधायला बसा. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. कागद आणि बोटांचे ठसे व्हिसा केंद्रात द्यायचे असतात.

सोबत न्यायचे कागद:

- पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला. जुना पासपोर्ट असेल तर तोही.
- अर्ज छापून, सही करून. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो.
- प्रवेशपत्र आणि फी भरल्याची पावती.
- बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र. कोर्स संपून तुम्ही अमुक तारखेला वर्गात परत येणार असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.
- राहण्याच्या सोयीचं पत्र, संपूर्ण मुक्कामाचं.
- खर्च उचलणाऱ्याची बँक स्टेटमेंट शिक्क्यासह, आयटीआर, पगारपत्रकं, हमीपत्र. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र.
- ३०,००० युरोचं किमान संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा.
- विमानाचं आरक्षण आणि एक पानी कव्हर लेटर.

घरचं उत्पन्न शेतीचं असेल तर आयटीआर नसतो, आणि त्यामुळे मुलं अर्जच करत नाहीत. करा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीच्या किंवा कारखान्याच्या पट्ट्या आणि ते पैसे जमा झालेलं बँक स्टेटमेंट असा संच लावा. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडा आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत समजावून सांगा की ऊसबिल वर्षातून ठरावीक वेळीच येतं. नाहीतर खात्यातली ती मोठी रक्कम अचानक कुठून आली हा प्रश्न उभा राहतो. आणि काकांकडून आदल्या आठवड्यात दोन लाख फिरवून खातं फुगवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तपासणारे हेच आधी बघतात.

पैशांची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, पण अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते माफ करण्याची तरतूद शेंगेन व्हिसाच्या नियमांत आहे. प्रवेशपत्र आणि बोनाफाइड पुढे करून काउंटरवर स्पष्ट विचारा. केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. कुरिअर, एसएमएस, खास लाउंज असल्या जादा सेवा ऐच्छिक असतात. नको म्हणायला लाजू नका.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. आला की स्टिकर नीट वाचा. त्यावर दोन तारखा असतात आणि शिवाय दिवसांचा आकडा असतो. दोन तारखांमध्ये ४५ दिवस असले आणि आकडा ३० असला, तर तुम्हाला ३० दिवसच राहता येतं. त्यात पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजतात. नकार आला तर पत्रात कारण दिलेलं असतं. पूर्वी जर्मन दूतावासाकडे लेखी हरकत घेता यायची, ती पद्धत जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता त्रुटी भरून नव्याने अर्ज करणं हाच व्यवहार्य मार्ग. म्हणून पहिल्याच वेळी फाइल भक्कम लावा.

## ६. पैसे आणि फोन

फॉरेक्स कार्डात युरो भरा, सोबत शंभर-दोनशे युरो रोख ठेवा, त्यातही सुट्ट्या नोटा. छोट्या बेकऱ्या आणि कॅफे अजूनही “फक्त रोख” अशी पाटी लावतात. भारतातलं डेबिट कार्ड मागे आधार म्हणून ठेवा आणि त्यावरचे परदेशी व्यवहार निघण्याआधी सुरू करून घ्या. तिथे जाऊन सुरू करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी यायला भारतीय सिमवर रोमिंग सुरू असावं लागतं. ते निघण्याआधी, घरी असतानाच सुरू करा. जर्मनीत प्रीपेड सिम घेताना पासपोर्टवरून ओळख पटवावी लागते, त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. ई-सिम चालणारा फोन असेल आणि प्रवाशांसाठीचं ई-सिम इथूनच घेतलंत तर तो त्रास वाचतो.

## ७. बॅग, म्हणजे आईशी वाटाघाटी

युरोपीय संघात बाहेरून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंडाच्या गोळ्यांचाही मोह नको. ताजी फळं आणि पानंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. हापूसची पेटी आणि कडीपत्त्याची जुडी दोन्ही घरीच राहू द्या. भाजणीची चकली, मेतकूट, कोरड्या चटण्या, गोडा मसाला हे सगळं व्यवस्थित सीलबंद करून न्या. मेतकूट आणि गरम भात ही तिथली माझी रविवारची सोय होती, कारण रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची काही उघडी असतात, पण महाग. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड भरून ठेवलं नाही तर सोमवारपर्यंत हाल.

आपला तीन पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर औषधाचं मूळ नाव. तिकडे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. ऑगस्टमध्ये तिथे ३५ अंशांपर्यंत पारा चढू शकतो आणि हॉस्टेलच्या खोलीत पंखाही नसतो, म्हणून सुती कपडे जास्त न्या. एक पातळ जाकीट पुरतं. प्रवेशपत्र, विमा, राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हाताशी ठेवा. विमानतळावर अधिकारी विचारतात तेव्हा फोनची बॅटरी नेमकी संपलेली असते.

## ८. पोचल्यावरचा पहिला आठवडा

फ्रँकफर्ट ते हायडेलबर्ग रेल्वेने साधारण तास लागतो, पण गाडीच्या वेळेवर विसंबून पुढचं काही ठरवू नका. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही समजूत आपल्याकडेच उरली आहे. एक तास किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांनंतर ५० टक्के रक्कम मागता येते. तिकीट जपून ठेवा.

शहरात आणि आसपास फिरायला डॉइचलांड-टिकेट घ्या. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे आणि देशभरच्या बस, ट्राम, मेट्रो व प्रादेशिक गाड्यांना चालतं. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. सापळा असा की ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. पुढच्या महिन्याचे पैसे कापले जाऊ नयेत असं वाटत असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. १ ऑगस्टला घेतलंत तर १० ऑगस्टच्या आत रद्द करा. महिनाअखेरपर्यंत ते चालूच राहतं.

तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर महापालिकेत पत्ता नोंदवायची गरज नसते. मास्टर्सवाल्यांच्या ग्रुपवर वाचून तिथे रांगेत उभे राहू नका.

हॉस्टेलची खोली ताब्यात घेताना भिंतीवरचे डाग, तुटलेली खुंटी, सगळ्याचे फोटो काढा. अनामत रक्कम परत घेताना कामी येतात. रात्री १० नंतर आवाज नको, आणि शेजारी तो नियम खरंच पाळतात. स्वयंपाकघर सामायिक असतं आणि छतावर धुराचा अलार्म असतो. मोहरीची फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडा, तेल धुरावू देऊ नका. आमच्या मजल्यावर एकदा लाल मिरच्यांनी सगळ्यांना जिन्यात आणून उभं केलं होतं. कचऱ्याचे डबे चार प्रकारचे: कागद, ओला, पॅकिंगचा आणि उरलेला. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये बाटली टाकून परत मिळते. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, त्यामुळे बाटल्या विकत घ्यायचीच गरज नाही.

जेवायला विद्यापीठाची मेन्झा, म्हणजे कँटीन, सगळ्यात स्वस्त. विद्यार्थी ओळखपत्र मिळालं की दर कमी होतो. हायडेलबर्गच्या मार्श्टालमधल्या मेन्झात बुफे वजनावर असतो. ताट तराजूवर ठेवायचं आणि आकडा बघायचा. बटाटे आणि रस्सा वजनदार, सॅलड हलकं. दोन-चार दिवसांत सगळे भारतीय याचं गणित शिकतात. शाकाहारी असाल तर विचारताना “मांस नको” एवढं पुरत नाही, मासे आणि हॅमचे तुकडे वेगळे धरतात. सरळ शाकाहारी आहे असं सांगा.

## ९. वर्गात

वेळापत्रकात १० च्या पुढे “सी. टी.” अशी अक्षरं असली तर तास १०.१५ ला सुरू होतो. “एस. टी.” असेल तर १० म्हणजे १०. आपल्या लाल एस. टी.चा अनुभव इथे धरू नका. व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सगळे चिडले आहेत.

चाचणीनंतरचा वर्ग फार सोपा किंवा अवघड वाटला तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच सांगा, बदलून देतात. आठवडा उलटला की जागा भरलेल्या असतात. व्याकरणात आपली मुलं साधारण पुढे असतात, बोलताना मागे पडतात. मधल्या सुट्टीत भारतीय मुलं एकत्र येऊन हिंदीत किंवा मराठीत गप्पा मारू लागतात, आणि इथेच पैसे वाया जातात. मी खोलीत ब्राझीलची मुलगी मिळाली म्हणून वाचले. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नव्हतं, त्यामुळे साबण कुणी संपवला यावरचं भांडणसुद्धा जर्मनमध्ये करावं लागलं. दुहेरी खोलीचा पर्याय असेल तर घ्या आणि अर्जात “दुसऱ्या देशाची जोडीदार” असं लिहा.

शनिवार-रविवार पाच देश फिरण्याचा बेत सोडा. सोमवारी गृहपाठ तपासतात. हायडेलबर्गमध्येच जुनं विद्यार्थी-तुरुंग आहे. दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ तिथे १९१४ पर्यंत डांबत असे आणि भिंती त्यांनी काढलेल्या चित्रांनी भरल्या आहेत. ते बघा, नदीपलीकडच्या डोंगरावरच्या फिलॉसॉफेनवेग या पायवाटेवर चढून जा. चढ पर्वतीपेक्षा जास्त दमवतो.

आजारी पडलात तर तातडीचा क्रमांक ११२. साध्या तापासाठी आधी विमा कंपनीला फोन करा आणि डॉक्टरची पावती घ्या. पावतीशिवाय परतावा नाही.

## १०. निघण्याच्या आठवड्यात

प्रमाणपत्रावरचं नाव तिथेच तपासा. गुणपत्रक वेगळं मिळत असेल तर शिक्का मारलेल्या दोन प्रती मागा आणि कोर्सचे एकूण तास व विषय लिहिलेलं एक पान घ्या. आपल्याकडे क्रेडिटसाठी समिती बसते तेव्हा नेमकं हेच पान मागते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस उन्हाळी वर्गाच्या कार्यालयात मेलला उत्तर द्यायला बरेचदा कुणी नसतं. हॉस्टेलची अनामत भारतीय बँक खात्यात पाठवतात की रोख देतात ते आधी विचारा. परदेशी खात्यात पाठवताना बँकेचं शुल्क कापलं जातं, म्हणून शक्य तिथे रोख घ्या. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच ना-हरकत पत्राच्या प्रतीसह कॉलेजात हजेरीचा अर्ज द्या, आणि त्यावरही आवक क्रमांक टाकून घ्या.